साबणाचे दात

एका राज्यात एक राजकन्या परत आली. तिचे नाव सुवेणी. लहान असताना ती समुद्रापलीकडच्या आश्रमात शिकायला गेली आणि मोठी होऊन, सात शास्त्रे शिकून, गलबतातून उतरली.

वाटेत तिने सारे मनात रंगवून ठेवले होते. वेशीवर चौघडा वाजेल. सुवासिनी भाकरतुकडा ओवाळून टाकतील. आणि आई पायऱ्या उतरून येईल, दोन्ही तळवे लेकीच्या गालांवरून फिरवील आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटे मोडील. त्या दूरच्या देशात कोणी कोणाची आलाबला घेत नसे. सुवेणीने एकदा मैत्रिणींना ती करून दाखवली होती. त्या हसल्या होत्या, आणि त्या दिवशी सुवेणी जेवली नव्हती.

तिला दिसले ते वेगळेच. वेशीचा दरवाजा पहारेकऱ्याने लांब आकडीने ओढून उघडला. रस्त्यात बाया लांब दांड्याच्या पळ्यांनी पोरांना भरवत होत्या. एक म्हातारी लाकडी चिमट्यांनी नातीचे केस बांधत होती. पाळणे दोरीने हलत होते. थोरांचे हात कोपरापर्यंत कापडी थैल्यांत होते, आणि कोणी कोणाला शिवत नव्हते.

महालाच्या पायरीवर राणी भानुमती उभी होती. तिच्याही हातांत रेशमी थैल्या होत्या.

"आई!" म्हणून सुवेणी धावली.

"तिथेच थांब, लेकी," राणी म्हणाली आणि दोन पावले मागे सरली.

दोघी सभेत गेल्या तेव्हा सिंहासनावरून राजा विजयदत्ताने हाक मारली. "ये कन्ये. शिकून आलीस? उंच झालीस की!" मग तो सेवकाकडे वळून हळूच म्हणाला, "त्या बाईंना आसन द्या. रोज येतात, उभ्याच राहतात. कोण आहेत कळत नाही, पण चांगल्या घरच्या दिसतात."

सुवेणीने आईकडे पाहिले. आईने मान खाली घातली होती.

मग राणीने सांगितले. राज्यात दुष्काळ पडला होता. खाजणाच्या खारट जमिनीत जोगी क्षारनाथाची सोन्याने भरलेली कढई पुरलेली होती. क्षारनाथ जादूगार होता, पण शेजारीच राहत होता, आणि त्याला विचारता आले असते. राजाने विचारले नाही. कढई उकरून आणली, आणि राणीने स्वतःच्या हातांनी घरोघरी सोने वाटले. ज्याने ते हातात घेतले त्याच्या तळव्यावर डांबरासारखा काळा डाग उठला. त्या डागाच्या हाताने ज्याला शिवावे, तो शिवणाऱ्याला विसरे. घोडे स्वाराला विसरले. तान्ही बाळे आयांना विसरली. मग लोकांनी थैल्या शिवल्या.

"तुझ्या बाबांना ताप भरला होता," राणी म्हणाली. "मी थैली काढून भाकरी करत होते. ते कण्हले. मी तशीच धावले आणि कपाळावर हात ठेवला. एवढंच."

"आणि बाबांचे हात?"

"त्यांनी कढई काठीने ओढली होती. सोनं मी वाटलं."

सुवेणी तरुण होती. अन्याय दिसला की तिच्या अंगात ज्वाळा उठे. "सात शास्त्रं शिकले आहे मी," ती म्हणाली. "या राज्यात एकही हात थैलीत राहणार नाही. आणि पहिले हात तुझे धुवीन, आई. तू माझी आलाबला घेशील, मगच मी आले असं होईल."

दुसऱ्याच दिवशी तिने घाटावर आईला बसवले. रिठे उकळले, शिकेकाई वाटली, लांब काडीने मुलतानी माती लावली. डाग होता तसा राहिला.

"घासा, घासा," कोणीतरी म्हणाले. "दगड झिजेल."

धुण्याच्या दगडावर एक परीट बसला होता. काळापांढरा, चिमणीहून थोडा मोठा पक्षी, आणि शेपटी सारखी वरखाली, जणू धुणेच आपटतो आहे. त्या राज्यात पक्षी बोलत, म्हणून कोणाला नवल वाटले नाही.

"तुला ठाऊक असेल तर सांग," सुवेणी म्हणाली. "हसतोस काय?"

"साबण हवा. हातचा."

"मला साबण करता येत नाही."

"ते दिसतंच आहे," परीट म्हणाला. "तीन कामं आहेत. पहिलं, राख आणायची. क्षारनाथाच्या चुलीतली. दुसरं, तेल आणायचं. करंजवनातल्या दगडी घाण्याचं. तिसरं काम दोन्ही झाल्यावर सांगतो. तू पोरगी घाईची दिसतेस. आत्ता सांगितलं तर आधी तेच करायला जाशील."

सुवेणी खाजणात गेली. क्षारनाथ मिठाच्या ढिगावर बसला होता. पुढे चूल पेटलेली, तीत वाळका आघाडा जळत होता. ती चूल त्याच्या आजाच्या आजापासून विझली नव्हती. वाटेत ठिकठिकाणी पुतळे उभे होते, सगळे मिठाचे, सगळ्यांच्या हातांत रिकामी घमेली. चोरून राख न्यायला आलेली माणसे होती ती.

सुवेणीने चुलीला हात लावला नाही. ती समोर उभी राहिली आणि म्हणाली, "महाराज, मला राख हवी आहे. द्याल का?"

जोगी ढिगावरून खाली उतरला. "पुन्हा म्हण," तो म्हणाला.

"राख द्याल का?"

"काय गोड वाटतं ऐकायला!" क्षारनाथाने डोळे पुसले. "तुझ्या बापाने एवढं म्हटलं असतं तर कढई मीच उचलून आणून दिली असती. ने. पोतंभर ने. जाता जाता या पुतळ्यांनाही सांग, घरी जा म्हणावं. त्यांची शिक्षा झाली."

तिने सांगितले, आणि पुतळे मीठ झटकत घरी गेले.

करंजवनात दगडी घाणा होता आणि त्याला दगडी बैल जुंपलेला होता. चाबूक मारणाऱ्यासाठी तो हलत नसे, गाणाऱ्यासाठी हलत नसे. सुवेणीने जोखडाची दुसरी बाजू स्वतःच्या खांद्यावर घेतली. तेव्हा बैल म्हणाला, "आता चालू या." दोघे दिवसभर फिरले. बैल फार बोलका निघाला. त्याने तिला वनातल्या सगळ्या झाडांची भांडणे सांगितली. संध्याकाळी घाण्यातून पिवळे, कडवट वासाचे करंजाचे तेल गळू लागले. तिच्या खांद्याची साल निघाली होती. तिला त्याचा अभिमान वाटला.

मग घाटावर साबण शिकणे सुरू झाले.

परीट दगडावरून सांगे आणि ती करी. तळाला भोक पाडलेल्या मडक्यात आधी गवताची काडी, मग राख, वरून पाणी. खाली तांबूस पाणी थेंबथेंब गळले. ते बोटाला लागले की बोट गुळगुळीत होई आणि मग आग होई.

"पाण्यात अंडं सोड," परीट म्हणाला. "कवडीएवढं टोक वर राहिलं तर पाणी पुरेसं कडक. बुडालं तर पुन्हा राखेवर ओत. अंडं कोंबडीचं घे. माझ्या घरट्याकडे बघू नकोस."

पहिला घाणा तिने राजवाड्यातल्या तांब्याच्या हंड्यात लावला, कारण तो सर्वांत देखणा होता. साबण हिरवागार झाला आणि त्याला गंजाचा वास आला.

"वा," परीट म्हणाला. "बेडूक धुवायला चालेल."

दुसरा घाणा तिने मातीच्या मडक्यात लावला. पण हात दुखला की ती उलट्या बाजूने ढवळी, मध्येच थांबे, आणि खारे पाणी सारे एकदम ओते. तेल वर आणि पाणी खाली, असे दोन्ही रुसल्यासारखे वेगळे झाले.

"एकाच बाजूने, म्हटलं होतं," परीट म्हणाला. "धार बारीक. आणि तेल पळीभर जास्त ठेव. खाऱ्या पाण्याला खायला काही उरलं पाहिजे, नाहीतर ते हात खातं."

तिसऱ्या घाण्याला ती सकाळी बसली. ढवळता ढवळता ऊन डोक्यावर आले. अचानक मडक्यातले पातळ द्रव्य कढीसारखे झाले, मग खिरीसारखे. दांडा वर उचलला तर गळालेली धार वरच तरंगत राहिली, रांगोळीची रेघ असावी तशी. सुवेणीला हसू आले आणि रडूही. आश्रमात तिने सात शास्त्रांची उत्तरे पाठ केली होती, पण तिच्या हातांनी तोवर काहीच केलेले नव्हते. तिने मूठभर मीठ टाकले, केळीचे पान अंथरलेल्या लाकडी साच्यात सारे ओतले, आणि दुसऱ्या दिवशी दोऱ्याने घट्ट लादीच्या वड्या पाडल्या. त्या मोगऱ्यासारख्या पांढऱ्या होत्या.

"आता तिसरं काम सांग," ती म्हणाली.

"वड्या सावलीत फळीवर मांड," परीट म्हणाला. "आणि थांब."

"थांबून काय करू?"

"थांब. हेच तिसरं काम. साबणाला जन्मतः दात असतात. फळीवर पडून पडून ते गळतात. चंद्र पुरा होऊन पुन्हा पुरा होऊ दे. मग वडीला जिभेचं टोक लाव. जीभ चुरचुरली नाही तर दात गेले. दात असलेला साबण डाग खातो, आणि डागाखालचंही खातो. तुला सांगून ठेवतो."

तिने ऐकले. तिला सारे समजले. असे नव्हे की तिला कळले नव्हते.

मागणे तिला जमले होते, ओढणे जमले होते, कारण त्यांत काहीतरी करायचे होते. थांबणे तिला काम वाटेना. रोज ती फळीपाशी जाई, वड्या उलटून ठेवी, आणि परत येताना रस्त्यात तेच पाही. एकदा एक पोर आईच्या थैलीतल्या हाताला बिलगायला धावले आणि आईने त्याला पळीच्या दांड्याने मागे लोटले. पोर रडले. आई पळी तशीच धरून उभी राहिली. सुवेणीच्या अंगात ज्वाळा उठली. हातात औषध असताना हे बघत राहायचे? तो कसला धर्म?

चंद्र अजून अर्धाही झाला नव्हता. तिने एक वडी उचलली आणि जीभ लावली. जीभ चुरचुरली.

"थोडीच," ती स्वतःशी म्हणाली.

ती वडी घेऊन आईकडे गेली. राणीने विचारले, "परीट काय म्हणाला?"

"थांबायला. पण वडी दगडासारखी कठीण झाली आहे, आई. चुरचुरते ती थोडीच."

"मग थांबू या की. मी इतकी वर्षं थांबले."

"म्हणूनच! म्हणूनच आणखी एक दिवस नको."

राणीने लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिले. तो तापलेला, सुंदर चेहरा तिने कितीतरी वर्षे फक्त आठवला होता, आणि आता हातभर अंतरावर होता. थांबायला सांगण्याचे बळ तिच्यातही उरले नव्हते. तिने थैल्या काढल्या आणि हात पुढे केले.

वडी तिने स्वतःच तळव्यांवर चोळली. फेस आला, तो काळा आला. राणीने ओठ दाबून धरले. काळा फेस करडा झाला, करडा पांढरा झाला. सुवेणीने पाणी ओतले, आणि आईचे तळवे लालबुंद पण स्वच्छ दिसले. त्याच क्षणी सभेतून मोठा आवाज आला, आणि राजा विजयदत्त अनवाणी धावत आला.

"भानुमती!" तो म्हणाला. "अगं, तुझे केस केव्हा पांढरे झाले?"

राणी हसली. डोळ्यांतून पाणी वाहत असतानाच ती लेकीकडे वळली. सुवेणी गुडघ्यांवर बसली आणि चेहरा वर केला.

राणीचे हात उचलले गेले आणि हवेत थांबले. बोटे वाकडीतिकडी पसरली. एक हात खांद्यावर पडला, दुसरा कानाला धडकला. राणीने हात परत घेतले आणि त्यांच्याकडे पाहिले, जणू ते कोणी तिच्या मांडीवर आणून ठेवले होते.

"मला ठाऊक आहे काय करायचं," ती म्हणाली. "तुझ्या जन्मापासून ठाऊक आहे. पण या हातांना ठाऊक नाही."

भाकरी थापणे गेले होते. वेणी घालणे गेले होते. सुईत दोरा ओवणे, दिव्याची वात वळणे, निरीची घडी धरणे, सारे गेले होते. साबणाने डाग खाल्ला, आणि हातांना जे जे येत होते ते डागाबरोबर खाल्ले.

सुवेणी धावत खाजणात गेली. "महाराज, मागायला आले आहे. माझ्या आईचे हात परत द्या."

"शाप असता तर उतरवला असता," क्षारनाथ म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते ऐकणे अवघड गेले. "माझा शाप तू छान धुतलास, पोरी. ही तुझी घाई आहे. हिच्यावर माझा मंत्र चालत नाही."

परतीच्या वाटेवर परीट भेटला. त्याने टोमणा मारला नाही. तो तिच्याबरोबर दगडादगडावरून उड्या मारत वेशीपर्यंत आला आणि उडून गेला.

उरलेल्या वड्या तिने फळीवरून हलू दिल्या नाहीत. आता ती थांबली. दासी राणीला भरवत, तेव्हा सुवेणी दाराआड उभी राही. कोणी दोष दिला नाही. "तुझ्या मनासारखं व्हावं असं मलाही वाटलं होतं," राणी एकदा म्हणाली, आणि ते दोष देण्यापेक्षा जास्त लागले. आणखी थोडे दिवस, एवढेच तर द्यायचे होते.

त्या काळात राजा स्वतः चालत खाजणात गेला आणि क्षारनाथापुढे उभा राहिला. "तुझं सोनं मी आधीच नेलं," तो म्हणाला. "आज मागायला आलो आहे."

"दिलं," क्षारनाथ म्हणाला. "आता डाग फक्त धुवायचा उरला."

दुसऱ्या पौर्णिमेच्या दिवशी सुवेणीने एकेका वडीला जीभ लावली. एकही चुरचुरली नाही. घाटावर सारे राज्य लोटले. नदी दुपारपर्यंत काळी वाहिली आणि मग निवळली. थैल्या पाण्यावरून वाहत गेल्या. घोडे स्वारांना ओळखून खिंकाळले. पोरे आयांच्या कुशीत शिरली, आणि घाटभर कानशिलांवर बोटे मोडल्याचा आवाज उठला, लाह्या फुटाव्यात तसा. त्या राज्यावरचा शाप उतरला आणि जे जिथे होते ते तिथे परत आले.

लोकांनी सुवेणीला शापमोचनी म्हटले. तीन राज्यांचे दूत हत्ती घेऊन आले होते; त्यांच्याकडेही शाप होते, आणि सकाळी त्यांना तिला घेऊन निघायचे होते. गलबतात बसून येताना तिने मनात रंगवला होता त्याहून हा मान मोठा होता. राणी पायरीवर बसली होती. तिचे हात मांडीवर उताणे पडले होते, आणि साऱ्या गर्दीत तेवढेच दोन हात रिकामे होते.

सकाळी सुवेणी कंगवा घेऊन आईपुढे पाठ करून बसली.

"वेणी घाल," ती म्हणाली.

"मला येत नाही गं."

"मला साबण येत होता का? पहिला हिरवा झाला. दुसरा फाटला."

"वेडीवाकडी होईल."

"होऊ दे."

राणीने केस धरले. ओढले गेले. सुटले. पुन्हा धरले. "तीन पेड करतात ना?" तिने विचारले. "तीन," सुवेणी म्हणाली, आणि खांद्यावरून हात मागे नेऊन आईच्या बोटांना पहिला पेड दाखवला. तिसऱ्यांदा गाठ पडली, चौथ्यांदा सारे सुटले. बाहेर दूत खोळंबले होते, हत्तींनी बागेतल्या केळी संपवल्या होत्या, आणि मंत्री दारातून दोनदा डोकावून गेला. सुवेणीने मान वळवली नाही.

दुपारी ती सभेत आली. तिची वेणी एका कानाजवळ सुरू होऊन दुसऱ्या खांद्यावर संपत होती, आणि मधे एक बट पूर्ण सुटलेली होती. दासी सारखी करायला पुढे झाली, तिला तिने हातानेच थांबवले.

"वड्या न्या," ती दूतांना म्हणाली. "परीट तुमच्याबरोबर येईल, तो शिकवील. त्याच्या घरट्याकडे मात्र बघू नका. मी येणार नाही."

"किती दिवसांनी याल?" दूतांनी विचारले.

"ते मी मोजणार नाही," सुवेणी म्हणाली, आणि आई साबण शिकायला मडक्यापाशी वाट पाहत होती म्हणून दांडा उचलून घाटाकडे निघाली.